सुंबिंगच्या माथ्यावरचे एकोणीस कागद

मागलांग,
गुरुवार, २४ ऑगस्ट

आदरणीय बुदे यांना हंदारूचा, दोन्ही गुडघ्यांवर माथा टेकवून नमस्कार. (डावा गुडघा अजून दुखत असेल तर त्याच्यावर हलकेच टेकवला आहे असं समजावं.)

तुमची तब्येत, कोंबड्या आणि मागच्या अंगणातलं पपईचं झाड ही तिन्ही मंडळी सुखरूप असतील अशी आशा आहे. माझ्या मागच्या पत्रातल्या अकरा चुका लाल शाईनं दुरुस्त करून पत्र परत पाठवलंत, त्याबद्दल आभारी आहे. तुम्हाला निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण हात थांबत नाही हे पाहून बरं वाटलं. फोन घ्या म्हणून यापुढे मी आग्रह करणार नाही. फोनवर माणूस विचार न करता बोलतो, हे तुमचं म्हणणं खरं आहे. माझी अडचण नेमकी उलटी आहे, हे आईच्या पश्चात मला वाढवणाऱ्या मोठ्या मावशीला मी काय सांगावं!

तुम्ही पाठवलेलं पाकीट, त्यावर लिहिल्याप्रमाणे, डोंगराच्या माथ्यावरच उघडलं. त्याविषयी पुढे येईलच. आधी सगळं क्रमानं सांगतो, कारण क्रम सोडला की तुम्ही समासात ‘क्रम?’ असं लिहिता.

वेनिंग तुम्हाला नवीन नाही. सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते, डॉक्टरांचं अक्षर वाचू शकणारी जिल्ह्यातली एकमेव व्यक्ती. गेली सहा वर्षं आम्ही दर शनिवारी बसथांब्याजवळच्या गाडीवर मांसाच्या गोळ्यांचा रस्सेदार बाक्सो खातो. या सहा वर्षांत मी तिला ज्वालामुखींचे सर्व प्रकार समजावून दिले, वाऱ्यांच्या दिशा सांगितल्या, भरती-ओहोटी झाली. लग्नाचा विषय अभ्यासक्रमात आला नाही. जूनमध्ये तिच्या वडिलांकडे सेमारांगच्या एका बंदर-अधिकाऱ्याच्या घरून विचारणा आली. तेव्हा तिनं बाक्सोचा वाडगा बाजूला सारून सरळ सांगितलं, “हे बघा मास्तर, ऑगस्ट संपेपर्यंत मी बाबांना थोपवते. पुढे माझ्याच्यानं होणार नाही. आणि तुमच्या वाटचं मी विचारणार नाही. तुमचं तुम्ही विचारा.” त्यानंतर मी तीनदा विचारायला गेलो. पहिल्यांदा हवेतल्या दमटपणाबद्दल बोललो, दुसऱ्यांदा तिच्या वडिलांच्या बुलबुलाची चौकशी केली आणि तिसऱ्यांदा डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन परत आलो. डोकं दुखत नव्हतं. तोपर्यंत ऑगस्ट उजाडला होता.

उपाय काढला तो आमच्या व्यायामशिक्षक गुनार्तोनं. (हा माणूस शिट्टीशिवाय बोलू शकत नाही, म्हणून त्याचं बोलणं मी शिट्ट्या वगळून देतो.) तो म्हणाला, “अरे, तुला तोंड उघडता येत नाही ना? मग उघडू नकोस. कागदावर लिही, सुंबिंगच्या माथ्यावर जाऊन छातीशी धर, मी फोटो काढतो, तिला पाठवतो. आजकाल सगळी पोरं हेच करतात.” हे खरं आहे. कुठल्याही डोंगरावर जा, माथ्यावर पोरं कागद धरून रांगेत उभी असतात : ‘आई, मी पोचलो’, ‘रिरिन, तू कधी येणार?’ वगैरे. मला कल्पना आवडली. सुंबिंगची उंची तीन हजार तीनशे एकाहत्तर मीटर आहे हे मी नऊ वर्षं फळ्यावर लिहितो आहे आणि फळ्यावर ती एका ओळीत मावते. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काय उगाच नाही, पण ही म्हण मला वाटेत आठवली, निघताना नाही.

चूक एवढीच झाली की आम्ही जाणार हे सास्मितोला सांगितलं. सास्मितो शाळेचा लेखनिक. त्याला सांगितलं की शाळेला कळतं, शाळेला कळलं की गल्लीला. आणि आपल्याकडे कुणी कुठं निघालं की त्याच्या हाती काहीतरी सोपवल्याशिवाय लोकांना झोप येत नाही. जाणारा शहरात निघाला तर ‘जाताय तर एवढं आणा’, आणि डोंगरावर निघाला तर आणण्यासारखं काही नसल्यामुळे ‘जाताय तर एवढा कागद धरा’. नाही म्हणायची सोय नसते. गल्लीप्रमुखांनी ‘कचरा उकिरड्यातच टाका’ असा कागद दिला. मुख्याध्यापकांनी ‘प्रवेश सुरू आहे’ दिला. कोपऱ्यावरच्या सातेवाल्या पाक मुंगिननं ‘काडीवर भाजलेलं बकऱ्याचं साते, लग्नकार्याच्या ऑर्डरी घेतो’ असा रंगीत खडूनं रंगवलेला पुठ्ठाच दिला. (त्याला मी पुठ्ठा कागदात धरला जाणार नाही असं सांगितलं. त्यानं दोन काड्या साते फुकट दिलं. मी पुठ्ठा धरला.) सास्मितोही आमच्याबरोबर निघाला होता, तर त्याच्या सासूबाईंनी त्याच्यासाठीच कागद दिला, त्यावर ‘स्वेटर घाल’ असं होतं. शेवटच्या दिवशी टपालानं तुमचं पाकीट आलं : ‘माथ्यावर उघडावे. वाचू नये. छातीसमोर सरळ धरावे. पाठ ताठ.’ असे माझा धरून एकूण एकोणीस कागद झाले. मला वाटलं, तुम्हीही गल्लीसारखंच काहीतरी दिलं असेल.

शनिवारी सकाळी निघालो. पायथ्याच्या गावापासून पहिल्या टप्प्यापर्यंत दुचाक्या जातात. त्या गावाची रीत अशी की चालवणारा मागे बसतो आणि बसणारा पुढे, पेट्रोलच्या टाकीवर. चढ इतका उभा आहे की मागे बसलेला माणूस गावातच राहतो. मी टाकीवर बसलो. मागून एका अनोळखी गृहस्थानं दोन्ही हात माझ्या काखेतून पुढे काढले, हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवली आणि म्हणाला, “मास्तर, अंग सैल सोडा. ताठ बसलात तर दोघंही कांद्यात जाऊ.” दोन्ही बाजूंनी कांद्याची आणि तंबाखूची शेतं होती आणि त्यांत आठवी ‘ब’मधल्या एका मुलाचे आईवडील तंबाखू खुडत होते. त्यांनी टोप्या काढून मला नमस्कार केला. त्या स्थितीत मी मान लववू शकलो नाही, याचं वाईट वाटतं. माझी विजार तिथं फाटली, पण ती गोष्ट मला पुढं कळली.

डोंगरावर तक्रार करायची नाही, हा नियम तुम्हीच मला शिकवलात. ‘थंडी आहे’ म्हटलं की डोंगर आणखी थंडी देतो, ‘दमलो’ म्हटलं की वाट लांबवतो. आम्ही तिघांनीही हा नियम पाळला. त्यामुळे वर न केलेल्या सगळ्या तक्रारी खाली आणाव्या लागल्या आणि त्या या पत्रात आहेत. गुनार्तो म्हणाला होता की मी हा डोंगर डोळे मिटून चढलो आहे. दुसऱ्या टप्प्यावर कळलं की तो कॉलेजात असताना एकदाच आला होता, याच टप्प्यावर त्याला वांती झाली आणि डोळे मिटून त्याला खाली नेण्यात आलं. सास्मितोला बाहेरचं जेवण सोसत नाही, म्हणून त्याच्या बायकोनं मातीच्या मडक्यात गुदेग दिलं होतं. फणसाची भाजी, अंडी, वर घट्ट नारळाचा रस, एकूण मडकं धरून चार किलो. ते पाठपिशवीत तिरकं होतं म्हणून तो ते पोटाशी धरून चालत होता. येणारेजाणारे त्याला वाट देत होते. एका म्हातारीनं तर हात जोडले. तिला वाटलं, आम्ही कुणाच्या तरी अस्थी घेऊन चाललो आहोत.

आणि वाट विचारली तर काय! वरून उतरणाऱ्या प्रत्येकाला आम्ही विचारलं, अजून किती? प्रत्येकानं हसून सांगितलं, “आलंच की! पाच मिनिटं.” दहा वाजता पाच मिनिटं होती, बारा वाजता पाच मिनिटं होती, दीड वाजता एका सद्गृहस्थानं ‘तीन’ सांगितली तेव्हा सास्मितो खाली बसला आणि त्याला रडू फुटलं. कुणीही खोटं बोलत नव्हतं, बुदे. समोरच्याचं मन मोडायचं नाही म्हणून ते आपलं जे बोलायचं ते बोलत होते. मीसुद्धा सहा वर्षं वेनिंगला हेच सांगत आलो, असं त्या दगडावर बसून माझ्या मनात आलं. मग सास्मितोनं मडकं उघडलं आणि तो विचार मागे पडला.

तिसऱ्या टप्प्यावर तंबू लावला. तेवढ्यात गुनार्तोच्या अंगात वारा शिरला. ढेकरा निघेनात, मान वळेना. सास्मितोनं बाम लावून नाण्यानं त्याची पाठ खरवडली, अगदी खांद्यापासून कमरेपर्यंत तांबडे पट्टे उठेस्तोवर. गुनार्तो तक्रार न करता ओरडत होता. शेजारच्या तंबूतली कॉलेजची मुलं चौकशी करायला आली आणि पाठी उघड्या टाकून रांगेत बसली. सास्मितोनं चार पाठी केल्या. मोबदला म्हणून त्यांनी उकळत्या पाण्यातल्या शेवया दिल्या, त्या मात्र त्याला सोसल्या.

सूर्योदय माथ्यावरून पाहायचा असा बेत होता, म्हणजे तीनला उठायला हवं होतं. तो चुकला. सकाळी सातला तंबूबाहेर ऊन पाहून आम्ही एकमेकांना विचारलं तेव्हा उघडकीला आलं की तिघंही तीनपासून जागे होतो. दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून प्रत्येकजण डोळे मिटून, श्वाससुद्धा जपून घेत, चार तास पडून होता. गुनार्तोनं तर मी जागा आहे असं दिसू नये म्हणून मुद्दाम घोरून दाखवलं होतं.

माथ्यावर साडेनऊला पोचलो. उंचीच्या पाटीजवळ फोटोसाठी आमच्यामागे अकरा जण उभे होते. मी एकेक कागद छातीशी धरला, गुनार्तो फोटो काढत गेला. कचरा, प्रवेश, स्वेटर. पुठ्ठ्याच्या वेळी मागून कुणीतरी दर विचारला. माझा स्वतःचा कागद बाराव्या क्रमांकावर होता. त्यावर मी तीन रात्री खपून फक्त ‘वेनिंग, माझ्याशी लग्न करशील?’ एवढं लिहिलं होतं. तो हातात घेतला आणि तेवढ्यात वाऱ्याचा असा काही झोत आला की कागद हातातून सुटला आणि दरीच्या दिशेनं गेला. मी काही करू शकलो नाही. गुनार्तो म्हणाला, “दुसरा लिही ना.” मी म्हटलं, रांग थांबली आहे, लोकांचा खोळंबा बरा नव्हे. पुढचे कागद धरले. शेवटी तुमचं पाकीट.

मी उघडलं, वाचलं नाही, छातीसमोर सरळ धरलं, पाठ ताठ केली. रांगेतले लोक आधी हसले. मग ती कॉलेजची मुलं टाळ्या वाजवू लागली. मला वाटलं, विजारीचं त्यांना आत्ता दिसलं. गुनार्तोनं फोटो काढला आणि शिट्टी तोंडातून काढून ठेवली, तेव्हा मी घाबरलो. सास्मितोनं पुढे येऊन कागद मोठ्यानं वाचला. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, तुमच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात होतं : ‘वेनिंग, आमचा हंदारू विचारणार नाही. तो चांगला आहे, पण विचारणार नाही. म्हणून मी विचारते. आमच्या घरी येशील का? — सुप्रिहातीन, निवृत्त मुख्याध्यापिका.’

बुदे, मला आधी राग आला. छत्तीस वर्षांच्या माणसाला त्याच्या मावशीनं अकरा परक्या लोकांसमोर असं उघडं पाडावं, याचा. मग लाज वाटली, कारण त्यात एकही शब्द खोटा नव्हता. आई गेली त्या वर्षी शाळेच्या फॉर्मवर पालकाच्या जागी तुम्ही न विचारता सही केली होतीत, तेव्हाही मी असाच गप्प उभा होतो आणि तेव्हाही मला फार बरं वाटलं होतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगतो आहे.

तो कागद मी घडी करून ठेवणार होतो, पण उशीर झाला होता. माथ्यावर फोनला रेंज मिळते. गुनार्तोनं कुणाचा कुठला ते वेगळं करण्याचा त्रास न घेता सगळे फोटो सगळ्यांना पाठवून दिले होते. पहिलं उत्तर पाक मुंगिनचं आलं : ‘अभिनंदन. पाहुणे किती?’ दुसरं मुख्याध्यापकांचं : ‘सोमवारी भेटा.’ वेनिंगचं नावच नव्हतं. तिनं फोटो पाहिला होता, एवढं फोन सांगत होता.

उतरायला पाच तास लागले आणि त्यातलं मला काही आठवत नाही. तिचे वडील तिच्या शेजारी बसून तो फोटो पाहत असतील, हे एकच चित्र डोळ्यांपुढं होतं. मडकं कुठं फुटलं तेही माहीत नाही. एवढं मात्र स्मरतं की वाटेत एक लठ्ठ, घामानं निथळलेले गृहस्थ भेटले, त्यांनी अजून किती असं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आलंच की! पाच मिनिटं.” त्यांना चार तास होते. देव मला क्षमा करो.

पायथ्याच्या गावात वेनिंग स्वतः स्कूटर घेऊन उभी होती. तिनं आल्याचा गरम काढा आणला होता, तो आधी सास्मितोला दिला, कारण त्याचं मडकं गेलं होतं. मग माझ्याकडे वळली. मी म्हटलं, “आज ढग जरा कमी होते.” ती म्हणाली, “मास्तर, फोटो बघितला.” मी म्हटलं, “तो बुदेंचा कागद होता.” ती म्हणाली, “तेच म्हणतेय मी. विचारलं त्यांनी. मग उत्तरही त्यांनाच. तुम्ही कुठं काय विचारलंत?” मी तोंड उघडलं. ती म्हणाली, “आता नको. पावणेचारला विचारायचं सुचलं म्हणून बुदेंच्या आधी तुमचा नंबर लागत नाही. चला, बसा मागे.” मागे बसून मागलांगपर्यंत आलो. ती सबंध वाट गुणगुणत होती. पण ती दवाखान्यात गोळ्या मोजतानाही गुणगुणते, त्यावरून काही ठरवता येत नाही.

तर असा हा प्रवास झाला. मित्रांबरोबर डोंगरावर जाणं प्रकृतीला चांगलं असतं असं म्हणतात. गुनार्तो पुढच्या महिन्यात शेजारचा सिंदोरो काढायचा म्हणतो आहे. मी त्याला कळवतो म्हटलं आहे.

कोंबड्यांना जपा. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
हंदारू

ता. क. : तुमच्याकडच्या लवंगेच्या तेलाची एक लहान बाटली येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवलीत तर बरं होईल. पाठीचा नाही, बसायच्या जागेचा प्रश्न आहे. पेट्रोलची टाकी.

ता. क. २ : माथ्यावर वारा नव्हता. गुनार्तो तुम्हाला फोटो छापून पाठवणार आहे आणि त्यात माझ्या मागे सतरा ऑगस्टचा, स्वातंत्र्यदिनाचा झेंडा काठीला चिकटून लोंबतो आहे हे तुम्हाला दिसेलच, म्हणून आधीच सांगतो. माझा कागद मी बुटात घातला. ताकाला जाऊन भांडं लपवायला तीन हजार तीनशे एकाहत्तर मीटर चढून गेलो, असं म्हणायला हरकत नाही.

ता. क. ३ : वेनिंगनं उत्तर लिहिलं. मंगळवारी तिनं बंद पाकीट माझ्याच हाती दिलं आणि ‘जाताय तर एवढं टपालात टाका’ म्हणाली. वर तुमचा पत्ता होता. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून मी तिकीट लावलं, उजेडातसुद्धा धरलं नाही (एकदाच धरलं, पाकीट जाड होतं) आणि पेटीत टाकलं. म्हणजे ते तुम्हाला काल मिळालं असणार. हे सगळं पत्र तुम्ही उत्तर माहीत असून वाचलंत आणि मी माहीत नसून लिहिलं. आज चोवीस तारीख आहे. एकतीसला महिना संपतो आणि सेमारांगचे लोक येतात. कृपा करून शेजारच्या बू तार्मींच्या फोनवरून मला एकच शब्द कळवा, चुका नंतर काढा. ‘हो’ असेल तर मागणी घालायला तुम्ही स्वतः या, घरात पुरुषमाणूस बोलतो वगैरे काही ऐकणार नाही. एकदा विचारलंतच आहे, आता चहा घेत, बसून विचारा. आणि ‘नाही’ असेल तर तुमचे धाकटे बंधू पाकलिक हार्जो यांना माझ्याकडे पाठवा. ते मुद्द्यावर यायला दोन तास लावतात. मला तेवढे दोन तास मिळतील.